जिन्यात बसणारा संशयास्पद इसम

तीर्थरूप भावजींस,

नमस्कार (या खेपेला घरचा, सरकारी नव्हे). तुमची तब्येत विचारत नाही, कारण ती माझ्याकडे लिहिलेली आहे: खोकला कमी, गुडघा तसाच, चष्मा पुन्हा हरवलेला. माझी विचाराल तर हवालदाराची असते तशी आहे. पाय दुखतात आणि साहेब ओरडतात.

पत्रास कारण, कोर्टाने आम्हाला कामाला लावले आहे. सराईत गुन्हेगार असल्याच्या नुसत्या संशयावरून कुणाची पाळतीची फाईल जन्मभर चालवायची नाही, ठरावीक मुदतीने ती तपासायची, सबळ कारण नसेल तर बंद करायची, घरातल्या निरपराध माणसांची नावे त्यात घालायची नाहीत आणि उगाच कुणाच्या दारात जाऊन उभे राहायचे नाही. कोर्टाचे काय जाते! फायली माळ्यावरून उतरवायच्या आम्ही, शिंकायचे आम्ही. त्या ढिगात तुमचीही निघाली. बाजारातली तिजोरी कुणीतरी न फोडता उघडली आणि बाजारात कुलपे दुरुस्त करणारे तुम्ही एकटे, एवढ्यावर ती सुरू झालेली. (तिजोरीवाल्याच्या पोरानेच बापाची किल्ली लांबवली होती हे मागाहून निघाले, पण सुरू झालेली फाईल थांबवायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.)

पाळत माझ्याकडे आली तेव्हा मी साहेबांना सांगितले की संशयित माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. ते म्हणाले, बरे झाले, पत्ता शोधायला नको. तेव्हापासून दर रविवारी साध्या कपड्यांत मी येतो, ताई जिन्यात स्टूल ठेवते, पाण्याचा तांब्या ठेवते आणि दार लावून घेते. पहिल्या दिवशी साहेब मागे उभे होते म्हणून मी तिला नियमाप्रमाणे "संशयित घरात आहे का?" असे विचारले, तेच ती अजून धरून बसली आहे. असो.

भाचीची शाळेतली नोकरी या फाईलपायीच अडकलेली. पडताळणीत दरवेळी तिच्या बापाचे पान आडवे येते. मला वाटले, आता चुटकीसरशी सुटेल. पण साहेबांनी शेवटचे पान वाचले आणि मान हलवली. म्हणाले, सबळ कारण आहे. मी रजेवर असताना बदली आलेल्या शिपायाने शेजारीपाजारी चौकशी करून लिहून ठेवले होते की संशयिताकडे एक धिप्पाड, मिशाळ इसम दर रविवारी येतो, आत जात नाही, जिन्यात बसतो, आजूबाजूला पाहतो व निघून जातो. खाली कुणीतरी लाल शाईने "टोळी असावी" असे जोडले होते.

म्हणजे भावजी, तुमच्यावर पाळत का, तर मी येतो म्हणून. आणि मी का येतो, तर तुमच्यावर पाळत आहे म्हणून. हे साहेबांच्या गळी उतरवण्यात सगळी दुपार गेली. शेवटी स्वतःच्या मिशीकडे बोट दाखवून लेखी जबाब दिला की तो इसम मीच. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, हालचाली संशयास्पदच आहेत म्हणाले आणि सही केली. फाईल बंद. भाचीचे नाव खोडले. तिला अर्ज पुन्हा टाकायला सांगा. मी फार दमलो आहे.

आपला मेहुणा
(टोळीतून नुकताच वगळलेला)

ता. क. स्टुलाचा एक पाय डुगडुगतो. इतकी वर्षे सांगायचे राहिले, कारण सांगायला दार उघडे नसायचे.

आणखी एक. सबळ कारणाशिवाय आता मला तुमच्या दारात उभे राहता येत नाही. पुष्कळ विचार केला, एकही कारण सापडले नाही. गेल्या रविवारी पाय सवयीने तुमच्याच रस्त्याला लागले होते, कोपऱ्यावरून परत फिरवले.

शेवटचे. चष्मा हरवला की भावजींची पत्रे तूच मोठ्याने वाचून दाखवतेस, हे मला ठाऊक आहे. दार बंद असले तरी जिन्यात सगळे ऐकू येते. खरे सांगायचे तर तुझा आवाज ऐकायलाच मी तिथे बसायचो, भावजींच्या हालचाली कोण बघत होते! तेव्हा ताई, इथवर वाचलेच आहेस, तर या रविवारी स्टूल आत ठेव.