एकदा दाबलं की एकच अक्षर

१४ सप्टें., रवि.
सरांकडे गेल्तो. काचबिंदूमुळं आता फक्त उजेड कळतो त्यांना. टेबलावर जुना कॉम्प्युटर काढून ठेवलेला, टीव्हीला जोडायचा, सरांच्या कॉम्प्युटर क्लासमधला पहिला. त्याच्यासमोर झाडू मारता मारता मी टायपिंग शिकलो.
सरांना त्यात 'पाढे' परत भरायचाय. त्यांनीच लिहिलेला प्रोग्राम. पावकी, औटकी विचारायचा. चुकलं की BAKAVAR UBHA RAHA. प्रोग्राम भरलेल्या कॅसेटला बुरशी. कागद न्हाई. अडीचशे ओळी डोक्यात, त्याही निसटून राह्यल्या.
म्हटलं, तुम्ही सांगा, मी लॅपटॉपवर घेतो. "तोंडानं सांगायला गेलो की अडखळतो, गणपत. बोटांना पाठ आहे. आणि बोटं याच बटणांना ओळखतात."
पण बटणं बेइमान. एकदा दाबलं की कधी दोन अक्षरं, कधी एकही न्हाई. सरांना दिसत न्हाई, चूक तशीच पुढं जाते.
दसऱ्याच्या आत देतो म्हणालो. आठवड्याचं काम.

१५, सोम.
माझ्या रिपेरिंगच्या दुकानात आणला. डोळे मिटून एकेक बटण दाबलं. चांगल्याचा आवाज सुपारी फुटल्यासारखा. G, H, B चा दबका. वरून सफाईचा स्प्रे मारला. सगळी चालली. इतकं सोपं?

१७, बुध.
न्हाई. तीच तीन आणखी बिघडली. GOTO लिहिलं की GGGOTO. घाई नडली.

२०, शनि.
सोल्डर काढून तिन्ही बटणं उघडली. आत दोन पातळ पत्त्या, दाबलं की एकमेकींना टेकायच्या. मधे लाल चिखल. वाटलं गंज. बोटावर घेऊन वास घेतला. कुंकू. H च्या खाली तांदळाचा पिवळा दाणा.
अक्षता. दर खंडेनवमीला क्लासमधे पूजा कोण करायचं? मीच. मधोमध, चांगली चिमूटभर. आठ-नऊ वर्षं. वर आता माझ्याच स्प्रेनं त्याचा चिखल.
एकटाच हसलो. मंग हसू गेलं.

२४, बुध.
पत्त्या स्पिरिटनं पुसल्या, मधून कोरा कागद ओढला. मीटर लावून बटण दाबून धरलं. बीप सलग पाहिजे. G सलग, B सलग. H चा मधेच तुटतो, केसाएवढा. दुसऱ्याला ऐकू येणार न्हाई, मला येतो.
वरच्या लाल बटणांच्या रांगेला सर कधी हात लावत नव्हते. तिथलं एक काढून H ला बसवलं, वरची अक्षराची टोपी जुनीच. पाचशे वेळा दाबलं. पाचशे H. बिलकुल बराबर.

२८, रवि.
काकूंचा फोन. सर रोज विचारतात, दोनशे ओळींच्या पुढचं पुसट व्हायलंय म्हणतात.
कुंकवाचं सांगावं का? बायको म्हणते, "पूजाच केली ना तुम्ही, चोरी तर न्हाई."

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
कॉम्प्युटर पोचवला. काकूंनी तबक आणलं. सर म्हणाले, पूजा गणपतच करेल, त्याचा मान आहे. मी गुपचूप टीव्हीला टिळा लावला.
सरांनी बटणांवरून हात फिरवला. "हा तर कोरडाच आहे."
सांगून टाकलं. तांदळाच्या दाण्यासकट.
सरांनी बोटानं H चाचपला. मंग म्हणाले, "तरीच. दिवाळीपर्यंत H रुसलेला असायचा." कपाळ पुढं केलं. "इथं लाव. बोटं मोकळी राहू दे."
बसले. मी टीव्हीकडे बघितलंच न्हाई, ऐकत राह्यलो. एका दाबाला एक खटका. शंभर, दीडशे, दोनशे. एकही चूक न्हाई.
ओळ २१०. आवाज थांबला.
सवयीनं H कडे बघितलं. बटण ठीक होतं. सरांची बोटंच वर थांबलेली.
झालं तेवढं नव्या कॅसेटवर भरलं. दोनदा.

२, गुरु. दसरा.
सकाळीच काकू फोनवर. सर आंघोळ करून टेबलाशी बसलेत, कॉम्प्युटर बंदच, नुसत्या लाकडावर बोटं आपटून राह्यलेत, काय करू?
फोन तिथंच धरा म्हटलं. लाकडावरची अक्षरं कुठं कळणार. पण अंगठ्याचा ठोका जाड, ती स्पेस. दोन बोटं, अंगठा. २१० चा IF असावा. पुढं चार-पाच भराभर. थांबले.
परत पहिल्यापासून. दोन बोटं, अंगठा. या वेळी जरा पुढं गेले.
काकूंना म्हटलं, टीव्ही लावून ठेवा. दुकानाची पूजा बायको करेल. निघालो.