मोफीदाचं दुखणं

स्फाक्स, ४ नोव्हेंबर १९९८

ती. सईदाताईस,
सलाम वि. वि.

पत्र पोचलं, अंजीरही. अडतिसाव्या वर्षी गाल लाल झाले का म्हणून चिडवतेस, झालेत! मुंधिर भला माणूस आहे. रेल्वेच्या कचेरीत कारकून असूनही काल ऑलिव्हच्या बागेत सगळ्यांदेखत माझी टोपली डोक्यावर घेऊन चालला. बायका खिदळल्या.

एक गोष्ट मात्र तुला सांगितली नव्हती. त्याच्या पहिल्या बायकोला, मोफीदाला, कोर्टाने पोटगी लावून दिलीय. जवळजवळ अर्धा पगार जातो. ती दुसरं लग्न करेपर्यंत, नाहीतर मरेपर्यंत. तो म्हणतो, तुझ्या शाळेच्या पगारात भागेल, भांडी मी घाशीन. मी हसले खरी. पण मूल झालं तर गं?

लोभ आहेच, सल्लाही दे.
तुझी हयात

बिझर्त, १९ नोव्हेंबर १९९८

चि. हयात हिस अनेक आशीर्वाद.

तुझे दाजी म्हणाले, मेहुणीला नवरा मिळतोय पण अर्धाच. मला हसू आलं नाही. आमच्या गल्लीतल्या एकाने पोटगी थकवली, तर थेट तुरुंगात गेला. नव्या बायकोने बांगड्या मोडून सोडवला. मोफीदाशी एकदा बोलून बघ. पण तिच्या जागी मी असते तर दमडी सोडली नसती, हेही खरं.

नाही म्हण, असं लिहायला हात धजत नाही. आई गेल्यापासून तू एकटीच जेवतेस, ते डोळ्यांपुढून हलत नाही.

तुझी काळजी वाहणारी,
सईदा

स्फाक्स, १६ जानेवारी १९९९

ती. ताईस,
सलाम वि. वि.

मोफीदाकडे भांडायला गेले, तर तिने बदाम घालून चहा दिला. लग्नानंतर मुंधिरने तिला शिवणकाम सोडायला लावलं. बावीस वर्षं तिने अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा केली. आता एक विधुर कोळी तिला मागणी घालतोय. पण ती म्हणते, लग्न केलं की पोटगी बंद, आणि उद्या यानेही टाकलं तर खाऊ काय? निघताना तीच म्हणाली, पोरी, मला माफ कर.

गेल्या आठवड्यात मुंधिर सांगत आला, मोफीदाच्या छातीत दुखतंय, इस्पितळात ठेवलीय. ताई, तुला म्हणून लिहिते. ऐकल्याबरोबर माझ्या मनात सगळ्यात आधी आलं, पोटगी सुटेल, आणि दिसला तो पाळणा. मग अंगावर काटा आला. मुंधिरकडे पाहिलं, तर तोही नजर देईना.

ती बरी होऊन घरी आली. मी मुंधिरला साखरपुड्याची अंगठी परत केली. का, म्हणून विचारत तो दारात कितीतरी वेळ रडत उभा होता. काय सांगू त्याला? कुणाच्या मरणाची वाट बघत मला संसार करता येणार नाही, आणि वाट न बघण्याइतकी चांगली मी नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस. यावर एवढ्यात काही लिहूही नकोस.

तुझी हयात