खिडकीतली निळी बाटली

३ फेब्रु. १९९६
इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो आले. जाने.मधल्या निळ्या बाटलीतले चांदीचे कण गोल नाहीत, चक्क त्रिकोणी. गाइड सर मुंबईहून फोनवर खूश. आकार द्रावणातल्या पॉलिमरनेच दिला म्हणाले, म्हणजे प्रबंधाचं चौथं प्रकरण झालं. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण किती ठाम. एकदाच आलेला निकाल. तरी मी हो म्हटलं.

१९ फेब्रु.
तिसऱ्यांदा केलं. तेच पॉलिमर, तेच तापमान, खिडकीतली तीच फळी. द्रावण पिवळंच, म्हणजे कण गोलच. वजनात चुकतेय का मी? प्रबंध टाइप होऊन आलाय. पान ८१: 'पॉलिमरमुळे त्रिकोणी कण मिळतात.' वाक्य माझं.

२३ फेब्रु.
लॅबच्या जानकीबाई चंचुपात्रं धुताना म्हणाल्या, "बाई, तुमची नीळ बंदमधी गेली."
कसला बंद, मी विचारलं.
"समोरच्या शेडचा. लूम बंद, तं ट्यूबा बी बंद. मंग फळीवर उजेड कुठला?"
निजामपुऱ्याची गल्ली, ऊन आत येतच नाही. यंत्रमागाच्या शेडच्या ट्यूबलाइट दोन्ही शिफ्टला जळायच्या, आमच्या खिडकीपासून हातभर अंतरावर. सूत महागल्यामुळे जाने.अखेरपासून सगळं थंड. वहीत उजेडाची नोंदच नाही. आणि मी मुलांना निरीक्षण कसं लिहावं ते शिकवते...

२६ फेब्रु.
सरांना फोनवर सगळं सांगितलं. "मॅडम, तेरा तारखेला सबमिशन. आधी प्रबंधाच्या फॉर्मवर सही करा, शंका नंतर काढू."
त्यांना काय जातंय... नको, त्यांच्यावर ढकलायला नको. सही माझी असणार.

१ मार्च
लूम सुरू. तो खडखडाट आज पहिल्यांदाच बरा वाटला. फळीवर तीन बाटल्या: एक पॉलिमरची, एक पॉलिमरशिवाय, तिसरी पॉलिमरचीच पण काळ्या कागदात गुंडाळलेली. खुणा बुडाला, दिसणार नाहीत अशा. बिनपॉलिमरची पिवळी राहिली तर पान ८१ थोडंफार तरी तगेल. ती पिवळीच राहावी असं मला वाटतंय. हेही लिहून ठेवते.

१२ मार्च
माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही. जानकीबाईंना फक्त रंग विचारले, कारण सांगितलं नाही.
उघड्या दोन्ही बाटल्या त्यांनी उजेडात धरल्या. "ही नीळ. ही बी नीळच, जराशी हिरवट." मग काळा कागद सोडला. "ही हळद."
नक्की ना?
"बाई, रोज बाटल्या तुम्ही धुता का मी?"
बुडाच्या खुणा पाहिल्या. हिरवट ती बिनपॉलिमरची. म्हणजे नीळ उजेडाची, पॉलिमरची नव्हे.
सहीचा फॉर्म पर्समध्ये, कोरा. सर उद्या अकराला भेटतील. हिरवट बाटली रुमालात गुंडाळून फॉर्मशेजारी ठेवली आहे.