डोळ्याच्या आतला उजेड

प्रिय वादिराजअण्णा,

अशाच ऑपरेशनमध्ये तुमची दृष्टी गेली, म्हणून माझ्या डोळ्याचा आतला पडदा जागचा सुटल्यावर मी आधी जयनगरच्या वैद्यांकडे धावले. म्हटलं, डोळ्यांत तूप घाला, काहीही करा, पण ऑपरेशन नको. तेच म्हणाले, “अक्का, हे औषधाने बसणार नाही. आजच ऑपरेशन करून घ्या.”

शेवटी ऑपरेशन करून घेतलं. भूल डोळ्यापुरतीच होती. आणि अण्णा, डॉक्टरांची बारीक सुई माझ्याच डोळ्याच्या आत, निळ्या-लाल उजेडात फिरताना मला दिसली! भीती विसरून मी नुसती बघत राहिले.

आता त्या डोळ्याने दिसतंय. पण वहिनी हे पत्र वाचून दाखवतील, तुम्ही मनापासून खूश व्हाल आणि मग विचाराल, “तो उजेड कसा होता गं?” तुम्हाला तेवढं सांगायची माझ्यात ताकद नाही. म्हणून हे पत्र पाठवत नाही.

तुमची धाकटी बहीण,
पद्मावती