पुण्याच्या आकाशाची पत्रिका

रविवार, १२ ऑक्टोबर

आईनं आज माझी पत्रिका पुन्हा बाहेर काढली. ‘डॉक्टरकीचा योग होता गं तुझा!’ मी बर्मिंगहॅममध्ये बस चालवते, ते तिला अजून बोचतं.

पत्रिकाच चुकीची आहे. जन्म इथला, पण गुरुजींनी सवयीनं पुणे धरलं. आईला ठाऊक आहे. मग नवी का करत नाही? तिच्यात डॉक्टर निघाला नाही तर?

चूक कळली तेव्हा बाबा केवढे हसले होते! ‘पोरीच्या डोक्यावरचं आकाशच वेगळं होतं की!’

माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी ते डबलडेकरमध्ये वर, अगदी पुढच्या सीटवर बसले. शेवटच्या स्टॉपला उतरताना म्हणाले, ‘केवढं आकाश दिसतं गं तिथून!’

पत्रिका राहू दे आईकडेच. बाबा गेले, तरी बस काढण्याआधी वरच्या मजल्याच्या कॅमेऱ्यात मी ती पुढची सीट बघून घेतेच.