सिस्टर बेनेवाचा डावा हात

प्रिय सार्पोंग,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले, आता खोडत बसत नाही. तू माझा फोन उचलत नाहीस. आईच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास, आणि मेसेज पाठवले ते उघडलेसुद्धा नाहीस. म्हणून हे पत्र आक्राला निघालेल्या बसच्या ड्रायव्हरजवळ देते आहे. तुझ्या स्टुडिओच्या फाटकाशी उभा राहून तो ते तुलाच देणार आहे, दुसऱ्या कोणाला नाही. त्याची सगळी मुलं माझ्या हातावर जन्मली आहेत, तो शब्द मोडायचा नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच. मध्येच चुरगाळून टाकावंसं वाटेल, पण टाकू नकोस. शेवटी जे आहे ते तुझ्या घरचं आहे, आणि आधीचं वाचल्याशिवाय तिथे काय बोलायचं ते तुला कळायचं नाही.

गेल्या शनिवारी मी कोनादू आन्टीच्या दुकानात वेण्या घालून घ्यायला बसले होते. तिच्या गुडघ्यांत डोकं एकदा अडकलं की माणूस तिचा कैदीच, हे तुला माहीत आहे. अर्ध्या वेण्या मिरवत रस्त्यानं कोण जाईल? टीव्हीवर तू लिहिलेल्या इस्पितळाच्या मालिकेचा आदला भाग पुन्हा दाखवत होते आणि दुकानातल्या बायकांचं न्यायालय भरलं होतं. औषधं देणारा पोरगा नर्सांच्या दोन गटांत चुगल्या लावतो, त्याला आधी हाकला, असं एकीचं म्हणणं. मेट्रनच दुबळी, तिला वॉर्ड सांभाळता येत नाही, असं दुसरीचं. एक टोमॅटोवाली तर तरुण डॉक्टरवरही चिडली होती, ओरडायचं कशाला एवढं म्हणून. पण सिस्टर बेनेवा पडद्यावर आली आणि सगळ्यांचं एकमत झालं. बेनेवा तोंड उघडेल तेव्हा कोनादू आन्टी रागानं माझे केस ओढायची, माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

मग तो प्रसंग आला. पेशंटच्या आईसमोर आणि मामांसमोर बेनेवानं रक्ताची बाटली डाव्या हातानं डॉक्टरच्या अंगावर फेकल्यासारखी दिली. दुकानात असा हुंकार उठला, जणू तिनं त्यांच्याच तोंडात मारली होती. टोमॅटोवाली म्हणाली, "माज बघा बाईचा. डावा हात, आणि तोही माणसांदेखत. असल्या बाईच्या हाती मी शेळीसुद्धा बाळंत होऊ देणार नाही." बेनेवाच्या समोरच्या दातांत फट आहे. तिचं घड्याळ छातीवर उलटं टाचलेलं आहे. राग आला की ती चर्चमधलं गाणं नाकात गुणगुणते. आणि पेशंटला म्हणते, "बाई गं, श्वास घे, माझ्यावर उपकार कर." माझ्याशिवाय या गावात हे कोण म्हणतं, सार्पोंग? कोनादू आन्टीची बोटं माझ्या डोक्यावर एकदम हलकी झाली. टीव्हीचा आवाज कमी करायचंसुद्धा कोणाला सुचलं नाही.

सोमवारी आमच्या चहाच्या खोलीत रेडिओ लावलेला होता. कुमासीचा तो सकाळचा बडबड्या निवेदक लोकांना विचारत होता, इस्पितळातली भांडणं कोणामुळे होतात, बेनेवाला काय शिक्षा द्यावी? फोनवर फोन. एका टॅक्सीवाल्यानं तिची सीमेवरच्या गावी बदली करून टाकली. एका शाळामास्तरानं शिस्तीवर व्याख्यान दिलं. शेवटी कोणी निवृत्त सुईण बोलायला आली. म्हणाली, "डाव्या हाताचं राहू द्या, तिचा उजवा हात त्या वेळी कुठे होता ते मला सांगा." निवेदक हसला आणि त्यानं शितोच्या तिखट चटणीची जाहिरात लावली. मी कप खाली ठेवला, कारण तो माझ्या हातून फुटलाच असता.

उजवा हात कुठे होता, हे तुला ठाऊक होतं. तू ईस्टरला आला होतास, अंगणात फुफूसाठी उकडलेला कसावा कुटत होतास, मी खाली बसून उखळातला गोळा उलटत होते, आणि मीच तुला सगळं सांगितलं. तू मुसळ थांबवून दोनदा विचारलंस, नीट सांग म्हणून, आणि मला बरं वाटलं, की माझ्या भावाला माझ्या कामात एवढा रस आहे. त्या बाईची पाणमोट फुटली आणि बाळाच्या आधी नाळ खाली आली. बाळाचं डोकं नाळेवर दाबलं गेलं की बाळ तिथेच संपतं. मग आत हात घालून डोकं वर रेटून धरायचं आणि पोट उघडेपर्यंत तो हात काढायचा नाही, एवढंच करता येतं. मी तिच्याबरोबर ढकलगाडीवर गुडघे टेकून चढले होते. उजवा हात आत होता, बोटं बधिर झाली होती. डॉक्टर अनिमनी दाराशी रक्ताची बाटली मागितली, ती माझ्या डाव्या हाताशी होती, मी दिली. एरवी असा हात पुढे करावा लागला तर आपल्याकडे शेंबडं पोरही आधी 'डाव्या हाताची माफी असावी' म्हणतं. त्या घाईत ते माझ्या तोंडून निघालं नाही. बाईची आई दचकली. डॉक्टरांचा चेहराही पडला, नाही म्हणत नाही, नवीन होते, चारचौघांत झालं. पण पुढच्या क्षणी त्यांना चादरीखालचं दिसलं, आणि बाटली दोन्ही हातांनी घेऊन ते धावले. दुसऱ्या दिवशी मी त्यांची राहिलेली माफी मागितली. म्हणाले, "सिस्टर, उशिरा का होईना, पोचली." तो मुलगा आज कोंबड्यांमागे धावतो आणि आईचा मार खातो.

आणि तू काय केलंस? डावा हात ठेवलास, उजवा कापून टाकलास. बरं, तेवढ्यावरही भागलं नाही. तुझ्या मालिकेत ती दोघं भांडत राहतात आणि बाळ मरतं. माझ्या वॉर्डातलं जिवंत बाळ तू मारलंस, सार्पोंग, आणि त्याचं खापर माझ्या दातांतल्या फटीवर फोडलंस.

माझा पहिला फोन तू उचललास, तेव्हा काय म्हणालास ते आठव. "दुफी, गोष्टीत कोणीतरी वाईट लागतंच. उजवा हात दाखवला तर भांडण कुठे उरतं?" वर म्हणालास, की आमच्याकडे भांडणं होत नाहीत का? होतात की. रात्रपाळी कोणी करायची यावरून होतात. एकमेव चालू पंखा कोणाच्या बाजूला वळवायचा यावरून होतात. हातमोजे संपले आणि कोणी कळवलं नाही, यावरून मी माझ्या जिवलग मैत्रिणीशी आठवडाभर अबोला धरला होता. लिही ना ते. पण त्यात तुला रंग दिसला नाही. तुझ्या नर्सा उंच टाचांवर फिरतात, एकीचेही पाय सुजत नाहीत, आणि वॉर्डात हातमोजे कधी संपत नाहीत.

आई मला गप्प बसायला सांगते. मालिका संपताना तुझं नाव येतं ना, तेवढ्यासाठी ती शेजारणींना बोलावून ठेवते आणि नाव येईपर्यंत कोणाला उठू देत नाही. म्हणते, गोष्ट आहे ती, तू कशाला अंगाला लावून घेतेस? मला एकटीला लागलं असतं तर गिळलं असतं. लहानपणापासून तुझं खूप काही गिळलंय. पण गुरुवारी, गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी, आमच्या बाकांवर बसायला जागा नसते. या गुरुवारी मी त्या बाकांवर पाय पसरून बसू शकले असते. कळा सुरू झालेली एक पोरगी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, दुसरी कोणी सिस्टर नाही का? मी दुसरीला बोलावलं आणि साठवणीच्या खोलीत जाऊन रडले. मेट्रन भली बाई आहे, म्हणाली, दुफी, थोडे दिवस रजा घे. रजा मी घेईन. पण ज्या आल्या नाहीत त्या कुठे गेल्या, ते मला माहीत आहे. त्या टेकडीमागच्या प्रार्थनेच्या छावणीत गेल्या. तिथे तेल आहे, ढोल आहेत, आणि पोट उघडायला कोणी नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाळंतपणाला आईकडे आलेली तुझी ओफोरिवा फोनवर तुला सगळं ठीक आहे म्हणते, कारण तुझ्या सासूबाईंनी, मामे अटांनी, तिला तसं बजावलंय, जावयाला कामात त्रास नको म्हणून. ठीक नाही. तुझी बायकोही या गुरुवारी आली नाही, म्हणून काल मी रक्तदाबाचं यंत्र घेऊन मामे अटांच्या दारात गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, पाणी विचारलं नाही. आपल्या मुलखात दारावर आलेल्या शत्रूलाही पाणी देतात. त्यांच्या खांद्यावरून मला ओफोरिवा दिसली. तिचा चेहरा सुजलाय, पायांत चप्पल जात नाही. डोकं ठणकतं आणि डोळ्यांपुढे ठिणग्या दिसतात, असं ती आतूनच मला म्हणाली. हे कशाचं लक्षण आहे ते मी तिथे ओरडून सांगितलं. यातून झटके येतात, आई जाते, बाळही जातं. मामे अटांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही लोक आत काय करता ते आम्हाला तुझ्या भावानंच दाखवलंय. त्याची सख्खी बहीण तू, त्याला ठाऊक नसेल तर कोणाला असेल?" आणि दार लावलं. ओफोरिवाला त्या उद्या सकाळी छावणीत नेणार आहेत. आज डॉक्टर अनिम स्वतः जाऊन आले, त्यांनाही दारातूनच परत पाठवलं. माझ्यावर मामे अटांचा विश्वास नाही, डॉक्टरांवर नाही, तुझ्यावर आहे. ड्रायव्हर आजच तुला घेऊन परत फिरणार आहे, तसंच चढ त्याच्या गाडीत. वाटेत त्यांना फोन कर, आणि दारात उभं राहून पुन्हा सांग, की बाळ जगलं होतं आणि तू खोटं लिहिलंस. साऱ्या देशाला ते खोटं पटवलंस ना, आता एका बाईला खरं पटवून दाखव.

तुझ्यावर जळफळणारी, तरी तुझीच,
दुफी