एक मत कमी

प्रिय वकीलबाई,

सगळा धुलाईखाना तुला याच नावाने हाक मारायचा, म्हणून मीही तेच लिहिते. अक्षर बघून हसशील. हसून घे. इतकी वर्षं रुग्णालयाच्या चादरी पिळलेली बोटं आता पेन धरायलाही कुरकुरतात.

हल्ली तो तळमजला फार आठवतो. वाफेत समोरचं माणूस दिसायचं नाही, पण तुझा आवाज सगळीकडे पोचायचा. आपलं कर्मचारी मंडळ तरी काय होतं गं? वर्षाला एक सहल आणि कुणी निवृत्त झालं की हार-भाषण. मग चादरींना इस्त्री करणाऱ्या तापलेल्या रोलरमध्ये आपल्यातल्या मावशींचा हात भाजला आणि यंत्राला जाळी बसवा म्हणून सांगायला तू वर गेलीस. "सहली काढणाऱ्या मंडळाशी मी काय बोलू?" म्हणाले व्यवस्थापक. तू पाय आपटत खाली आलीस आणि म्हणालीस, "आता कामगार संघटना म्हणून नोंदणीच करायची."

जेवणाच्या सुट्टीत मळक्या चादरींच्या ढिगावर बसून आपण संघटनेची घटना लिहिली. पहिल्यांदा अर्ज परत आला, कारण पदाधिकारी कसे निवडायचे हेच त्यात नव्हतं. दुसऱ्यांदा परत आला, कारण उद्दिष्टांत 'सहल' तशीच राहिली होती. नोंदणी कार्यालयातला कारकून हसून हसून बेजार झाला म्हणे! तिसऱ्या खेपेला प्रमाणपत्र आलं. साबणाच्या पिंपावर चढून तू ते वाचलंस. मावशींनी पट्टी बांधलेल्या हाताने टाळ्या वाजवल्या. त्या क्षणाइतकी ताठ मी पुन्हा कधी उभी राहिले नसेन.

पण व्यवस्थापक म्हणाले, "नोंदणी झाली असेल. बोलणी करायची तर निम्म्याहून जास्त कामगार तुमचे आहेत, हे दाखवा." मग कामगार अधिकारी आले. शिलाईच्या खोलीत बसून एकेकीला आत बोलावून विचारू लागले, "तुम्ही सभासद आहात का?" दाराला नुसता पडदा होता. संध्याकाळी आकडा कळला. एक मत कमी. आपल्या सभासदांपैकीच कुणीतरी आत 'नाही' म्हणाली होती.

पडद्याआडून डोळे पुसत बाहेर आलेली तुझी धाकटी बहीण तू पाहिली होतीस. शिलाईवाली, मितभाषी. "घरचीच फितूर निघाली," एवढंच तू म्हणालीस आणि तिच्याशी बोलणं सोडलंस. वर्षभराने पुन्हा मोजणी झाली, आपण अकरा मतांनी जिंकलो, मान्यता मिळाली, रोलरला जाळी बसली. सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ती मशीनपाशी एकटीच उभी होती. तू तिच्याकडे वळूनही पाहिलं नाहीस. त्याला आता बावीस वर्षं झाली.

काल ती माझ्याकडे आली होती. येत्या शुक्रवारी ती निवृत्त होतेय, त्याचं आमंत्रण द्यायला. चहा गाळता गाळता इतकी वर्षं गिळलेलं माझ्या तोंडून निघून गेलं. पहिल्या मोजणीत 'नाही' म्हणणारी मी होते, वकीलबाई. आमचे हे तिथेच कंत्राटी पहारेकरी होते. सकाळीच व्यवस्थापकांनी मला बोलावून त्यांच्या कंत्राटाची आठवण करून दिली होती. मी घाबरले. रांगेत माझ्यामागे तुझी बहीण होती. पडद्यातून तिने माझं घाबरलेलं उत्तर ऐकलं होतं, हे तिने काल सांगितलं. स्वतः ती 'हो' म्हणाली आणि रडत बाहेर आली, ती माझ्यासाठी. मी विचारलं, "मग ताईला सांगितलं का नाहीस?" म्हणाली, "सांगितलं असतं तर ती तुम्हाला कायमची तोडून बसली असती. मी सख्खी बहीण. माझ्याशी आज ना उद्या बोलेलच, असं वाटलं."

तुझा राग मला सोसेल, तो माझ्या हक्काचाच आहे. पण मला उत्तर लिहायला बसू नकोस. शुक्रवारच्या आत तिच्या दारात जा.

तुझीच,
रोलरवरची जोडीदारीण